शब्दाला शेपटीकडून पकडा

एक हात हनुवटीखाली आडवा धरा. तळवा जमिनीकडे आणि हनुवटी हाताला जेमतेम टेकलेली. आता सावकाश म्हणा, 'कॉम्प्युटर'. हनुवटीने हात किती वेळा खाली दाबला? तीन वेळा. कॉम्, प्यु, टर. आता म्हणा, 'युनिव्हर्सिटी'. यु, नि, व्हर्, सि, टी. पाच वेळा! एखाददुसरा दाब अगदी हलका असतो, त्यामुळे घाई करू नका.

असं का होतं? 'प' म्हणताना ओठ मिटतात, 'ट' म्हणताना जीभ वर टेकते, 'स' म्हणताना हवेला जेमतेम फट उरते. म्हणजे व्यंजनं हवेची वाट अडवतात. स्वर आला की तोंड उघडतं आणि आवाज मोकळा बाहेर पडतो. अडव, उघड, अडव, उघड, असं आपलं बोलणं चाललेलं असतं. तोंड एकदा उघडलं की शब्दाचा एक तुकडा झाला. या तुकड्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. लांबलचक इंग्रजी शब्द समोर आला की पुष्कळ मुलं त्यातली अक्षरं मोजतात आणि घाबरतात. तुम्ही अक्षरं मोजूच नका. सिलॅबल मोजा.

अक्षरं मोजून फसायला तर मराठीतही होतं बरं का! 'घर' लिहायला दोन अक्षरं लागतात, पण बोलताना हनुवटी एकदाच खाली जाते. 'घरी' म्हणा, दोनदा जाईल. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना क आणि मळ्, दोनच तुकडे. 'सरबत' लिहिताना चार, बोलताना सर् आणि बत्, पुन्हा दोनच! आपण जसं बोलतो तसं लिहितो असं अभिमानाने सांगतो, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे, पण काही 'अ' आपण कागदावर ठेवतो आणि तोंडात गाळतो.

इंग्रजीत हा प्रकार फारच पुढे गेलेला आहे. 'स्ट्रेंग्थ्स' हा शब्द घ्या. एस-टी-आर-ई-एन-जी-टी-एच-एस, मोजून 9 अक्षरं. सिलॅबल किती? एक! मधे एकच बिचारा स्वर आणि दोन्ही बाजूंना व्यंजनांची गर्दी. उलट 'आयडिया'मध्ये आय-डी-ई-ए अशी चारच अक्षरं, पण सिलॅबल तीन.

याहून मोठी गंमत 'बटन'मध्ये आहे. आपण ब-टन म्हणतो, 'ट'नंतर छानपैकी 'अ' लावतो. पुष्कळ इंग्रज माणसं तो 'अ' लावतच नाहीत. करून बघा. वरच्या दातांच्या मागे जी हिरडी आहे तिला 'ट'साठी जीभ टेकवा. आता ती तिथून काढायची नाही. तशीच ठेवायची आणि अडलेली हवा नाकातून सोडून द्यायची. बट्-न्. ऐकू आलं? दुसऱ्या तुकड्यात स्वर नाहीच, तरी तो तुकडा आहे, कारण 'न्'ने स्वराची जागा घेतली. 'बॉटल' आणि 'लिटल' या शब्दांत हेच काम 'ल्' करतो. व्यंजनाने स्वराची खुर्ची बळकावली की कसं वाटतं, ते स्वतःच्या तोंडात अनुभवण्यासारखं आहे.

तुकडे किती ते बहुतेक वेळा पक्कं कळतं. एक तुकडा नेमका कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे मात्र तितकं पक्कं नसतं. दोन स्वरांच्या मधे दोन व्यंजनं असली तर सहसा एक इकडे, एक तिकडे: विन्-डो, डॉक्-टर. एकच असलं तर ते बहुधा पुढच्याकडे जातं. पण भाषेचे अभ्यासकही या हद्दींवरून वाद घालतात, आणि 'फायर'मध्ये एक सिलॅबल की दोन, इथे तर इंग्रज माणसंही अडतात. तेव्हा हद्दीसाठी तुम्ही फार भांडू नका. खरी मजा पुढे आहे.

'बनाना' म्हणजे केळं. बी-ए-एन-ए-एन-ए. यात 'ए' हे अक्षर तीनदा आलंय, तिन्ही वेळा हुबेहूब तेच. लंडनमधला भाजीवाला हा शब्द कसा म्हणतो? ब-ˈना-न. मधला 'ना' लांब, ठणठणीत, थोडा वरच्या पट्टीतला. पहिला आणि शेवटचा 'ए' मात्र विरघळून गेलेला. आपल्या 'अ'च्या जवळचा, पण त्याहूनही आखूड आणि ढिला असा हा आवाज आहे. त्याचं नाव श्वा. उच्चार लिहिण्याच्या लिपीत तो इंग्रजीतलं छोटं ई अक्षर उलटं करून लिहितात. इंग्रजी बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर कुठला असेल, तर हाच. आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःचं असं एकही अक्षर नाही!

मधल्या 'ना'वर जो भार पडला, त्याला म्हणतात स्ट्रेस. आपण त्याला जोर म्हणू. शब्दकोशात उच्चार देताना जोराच्या तुकड्याआधी वरच्या अंगाला एक बारीक उभी रेघ देतात, तीच मी इथे वापरतेय. जोर म्हणजे नुसतं मोठ्याने बोलणं नव्हे. तो तुकडा थोडा लांबतो, सूर बदलतो, आवाज वाढतो आणि मुख्य म्हणजे त्यातला स्वर पूर्ण उमलतो. आजूबाजूच्या तुकड्यांतले स्वर त्याच वेळी कोमेजतात. मराठीत आपण असं करत नाही. आपण 'चमचा' म्हटलं काय आणि 'पाटील' म्हटलं काय, उच्चारलेल्या प्रत्येक स्वराला त्याचा वाटा देतो. इंग्रजी एका तुकड्याला भरभरून देते आणि बाकीच्यांकडून काढून घेते.

याचा सगळ्यात सुंदर नमुना एकाच घरातल्या तीन शब्दांत दिसतो. ˈफो-ट-ग्राफ म्हणजे छायाचित्र. ते काढणारा फ-ˈटॉ-ग्र-फर. आणि छायाचित्रासंबंधीचं ते फो-ट-ˈग्रॅ-फिक. जोर पहिल्या तुकड्यावर, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर! आता यातल्या दोन 'ओ' अक्षरांवर नजर ठेवा. पहिल्या शब्दात पहिला 'ओ' जागा आणि दुसरा झोपलेला. दुसऱ्या शब्दात पहिला झोपला आणि दुसरा 'ऑ' करून उठला. स्पेलिंग मात्र तेच राहिलं. इंग्रजी स्पेलिंग विचित्र आहे अशी तक्रार आपण सगळेच करतो. पण निदान इथे तरी त्याला कारण आहे. एका शब्दात झोपलेलं अक्षर त्याच घरातल्या दुसऱ्या शब्दात जागं होतं, म्हणून ते जपून ठेवलेलं असतं.

काही शब्दांत तर जोर हलला की अर्थच हलतो. ˈप्रे-झंट म्हणजे भेटवस्तू किंवा हजर, प्रि-ˈझेंट म्हणजे सादर करणं. ˈरे-कॉर्ड म्हणजे नोंद किंवा विक्रम, रि-ˈकॉर्ड म्हणजे नोंदवणं, ध्वनिमुद्रण करणं. लिहायला दोन्ही अगदी सारखे.

अशा जोड्यांनी कॉम्प्युटरलाही पेचात टाकलंय. छापील पानावर ओळीच्या शेवटी जागा संपली की इंग्रजीत शब्द तोडून मधे छोटी आडवी रेघ देतात. ही तोडणी कॉम्प्युटरला शिकवायची कशी? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक लियांग यांनी 1983 मध्ये यावर प्रबंध लिहिला. डोनाल्ड कनुथ यांच्या टेक् नावाच्या छपाईच्या प्रणालीसाठी ते काम होतं. अख्खा शब्दकोश यंत्रात कोंबण्याऐवजी लियांग यांनी अक्षरांच्या छोट्या छोट्या जुळण्या शोधल्या. कुठल्या अक्षरांच्या मधे तोडलेलं चालतं आणि कुठे अजिबात नाही, हे त्या जुळण्या सांगतात. प्रबंधाच्या शीर्षकातले लांब शब्दसुद्धा त्यांनी तोडूनच छापले, हाय-फन्-ए-शन, कम्-प्युट्-अर असे! पण 'रेकॉर्ड' समोर आला की अशी युक्ती थांबते. अमेरिकन शब्दकोशांप्रमाणे तो शब्द नाम असेल तर आर-ई-सी नंतर तोडायचा आणि क्रियापद असेल तर आर-ई नंतर. नाम की क्रियापद, ते नुसती अक्षरं बघून कळणार कसं? त्यासाठी वाक्य समजायला हवं.

कॉम्प्युटर अडला, पण आता एका फार लहान मुलीला भेटू. वय साडेसात महिने. अजून एक शब्दही बोलत नाही. घरात सगळे इंग्रजी बोलतात.

तिची अडचण काय आहे, ते आधी समजून घ्या. लिहिलेल्या शब्दांमधे मोकळी जागा असते. बोललेल्या शब्दांमधे नसते. विश्वास बसत नसेल तर तुम्हाला मुळीच येत नाही अशा भाषेतल्या, समजा मल्याळममधल्या, बातम्या लावा आणि एक शब्द कुठे संपला ते सांगा बघू! बाळाला तर सगळंच तसं ऐकू येत असतं. मग सलग वाहणाऱ्या आवाजातून ते पहिला शब्द सुटा कसा करतं?

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर जुसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच शोधलं. 1999 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. बाळ मोठ्या माणसाच्या मांडीवर बसतं. एका बाजूला दिवा लुकलुकतो. बाळाने तिकडे मान वळवली की त्या बाजूने आवाज सुरू होतो आणि बाळ तिकडे बघत राहील तोवर चालू राहतो. ओळखीचं काही ऐकू आलं की ते जास्त वेळ बघतं. बाळाला प्रश्न विचारायची किती छान रीत आहे ही!

साडेसात महिन्यांच्या बाळांना 'किंग्डम', 'कँडल', 'डॉक्टर' असे शब्द ऐकवले. यांच्यात जोर पहिल्या तुकड्यावर असतो. नंतर हे शब्द असलेली वाक्यं ऐकवली, तर बाळांनी ते ओळखले. मग गि-ˈटार आणि सर्-ˈप्राइझ हे शब्द आले. यांत जोर दुसऱ्या तुकड्यावर. इथे बाळं चुकली, आणि चुकली तीही फार हुशारीने. वाक्यांमधे 'गिटार'च्या मागे दरवेळी 'इज' येत होता, गिटार इज, गिटार इज. बाळांनी त्यातला जोराचा 'टार' पकडला, पुढचा 'इज' त्याला चिकटवला आणि 'टारिज' असा नवाच शब्द मानला! आधीचा 'गि' त्यांनी सोडून दिला. जोर आला की नवा शब्द सुरू झाला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. साडेदहा महिन्यांची बाळं मात्र 'गिटार' अख्खा ओळखू लागली.

बाळांचा अंदाज मुळीच वेडगळ नव्हता. ॲन कटलर या अभ्यासिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्याने इंग्रजी संभाषणांची मोजदाद केली होती. त्यात अर्थ सांगणाऱ्या दर 10 शब्दांपैकी सुमारे 9 शब्दांची सुरुवात ठणठणीत तुकड्याने होत होती. हे बाळांना कोणी सांगितलं नाही. आईबाबांचं बोलणं ऐकता ऐकता त्यांनी ते हेरलं.

ˈमदर, ˈफादर, ˈवॉटर, ˈसमर. इंग्रजीचे घरचे, जुने शब्द हे असे. जोर डोक्यावर. मग लांब शब्द वेगळे का वागतात? कारण ते पाहुणे आहेत. 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली. फ्रेंच म्हणजे लॅटिनची लेक. पुढे विद्वानांनी थेट लॅटिन आणि ग्रीकमधूनही शब्दांच्या गाड्याच्या गाड्या भरून आणल्या. आणि लॅटिनमध्ये जोर शोधायचा तो डोक्याकडून नव्हे, शेपटीकडून!

ती रीत ऐका, तुम्हाला ती चटकन कळेल. शेवटून दुसरा तुकडा बघायचा. तो गुरू असेल तर जोर तिथेच. तो लघू असेल तर जोर एक पाऊल मागे, शेवटून तिसऱ्यावर. हो, तेच लघू-गुरू, जे मराठीत वृत्तं शिकताना आपण मोजतो! दीर्घ स्वर असेल किंवा पुढे जोडाक्षर असेल तर गुरू, नाहीतर लघू. संस्कृतच्या आणि लॅटिनच्या जाणकारांच्या कानांना तुकड्याचं वजन साधारण सारखंच लागलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

इंग्रजीतल्या पुष्कळ नामांनी ही रीत आपलीशी केली. व्ह-ˈरॅन्-ड. शेवटून दुसरा 'रॅन्' गुरू आहे, जोर तिथेच. (हा शब्द इंग्रजीत गेला तो भारतातूनच, आपला व्हरांडा!) अ-ˈजेन्-ड, तसंच. ट-ˈमा-टो, दीर्घ 'मा', जोर तिथे. आता 'कॅमेरा' बघा. इंग्रज त्याला ˈकॅ-म-र म्हणतात. मधला 'म' लघू, म्हणून जोर मागे सरकून 'कॅ'वर गेला. ˈसि-न-म, ˈए-लि-फंट, ˈहॉस्-पि-टल, सगळे त्याच रांगेतले. 'अमेरिका'ही तसाच: अ-ˈमे-रि-क. शेवटून दुसरा 'रि' लघू, म्हणून जोर 'मे'वर. सगळे शब्द ऐकतात असं मात्र समजू नका. 'कॅलेंडर'मध्ये मधला तुकडा गुरू, तरी इंग्रज माणूस जोर देतो तो 'कॅ'वर, ˈकॅ-लन्-डर. आपण 'लें'वर रेंगाळतो. आपल्या कानाला ते वजन जाणवतं ना!

काही शेपट्या तर स्वतःच जोर कुठे ते सांगून टाकतात. शब्दाच्या शेवटी 'शन' असेल, म्हणजे टी-आय-ओ-एन, तर जोर त्याच्या लगेच आधी: ए-ड्यु-ˈके-शन, इन्-फर्-ˈमे-शन. शेवटी 'इक' असेल तर त्याच्या आधी: सा-यन्-ˈटि-फिक. शेवटी 'इटी' असेल तर तिच्याही आधी. म्हणून इ-ˈलेक्-ट्रिक या शब्दाला 'इटी' जोडली की जोर पुढे उडी मारतो: इ-लेक्-ˈट्रि-सि-टी. 'लॉजी' आणि 'ग्राफी' या शेपट्यांना शेवटून तिसरा तुकडा आवडतो: बाय-ˈऑ-ल-जी, जि-ˈऑ-ग्र-फी. एक शेपटी मात्र हावरट आहे. इंजिनिअर, व्हॉलंटिअर यांच्यातली. ती जोर स्वतःकडेच ओढून घेते: एन्-जि-ˈनिअर. आणि 'पॉलिटिक्स', 'अरिथमेटिक' हे 'इक'चं ऐकत नाहीत. ते दोघे पाठच करावे लागतील. शंका आली तर मोबाइलवरच्या शब्दकोशात लाउडस्पीकरचं चित्र दाबा आणि शब्द न म्हणता नुसता तोंड मिटून गुणगुणा. हं-ˈहंऽ-हं. शब्द बाजूला झाले की जोर उघडा पडतो.

आपण भारतीय इंग्रजी आपल्या वजनाने बोलतो, आणि आपापसात ते छान कळतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण इंग्रज माणसाचा कान लहानपणापासून जोर धरूनच शब्द शोधायला शिकलेला असतो, हे बाळांनी आपल्याला दाखवलं. 'डेव्हलप' त्याच्यासाठी डि-ˈव्हे-लप असतो आणि 'हॉटेल' हो-ˈटेल. जोर दुसरीकडे पडला की तो भलताच शब्द शोधू लागतो. अक्षर अन् अक्षर बरोबर असूनही त्याला कळत नाही, ते यामुळे.

आता एक राक्षस! 1935 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेवेड्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम एक लांबच लांब शब्द बनवला. 45 अक्षरं. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिका धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, असा त्याचा अर्थ. डॉक्टर अशा आजाराला सुटसुटीतपणे 'सिलिकोसिस' म्हणतात. पण आपल्याला राक्षसच हवा. हा घ्या, गाठी सोडवून: न्यु-मो-नो, अल्-ट्रा, माय्-क्रो-स्कॉ-पिक, सि-लि-को, व्हॉल्-के-नो, को-नि-ओ-सिस.

हनुवटीने मोजा, 19 सिलॅबल भरतील. जोर कुठे? शेपटी बघा. 'ओसिस'. तिचा 'ओ' दीर्घ, म्हणजे शेवटून दुसरा तुकडा गुरू, म्हणून मुख्य जोर तिथेच, अठराव्या तुकड्यावर. सिलिकोसिसमध्येही तो शेवटून दुसराच असतो: सि-लि-ˈको-सिस. पाठ करायचा तोही मागूनच. आधी फक्त ˈओ-सिस. मग को-नि-ˈओ-सिस. मग व्हॉल्-के-नो-को-नि-ˈओ-सिस. दरवेळी पुढे एकेक डबा जोडत जायचा. असं केलं की शेवट कायम सरावाचा राहतो आणि तुम्ही नवख्या तुकड्यांकडून ओळखीच्या तुकड्यांकडे पळत जाता. मधे श्वास लागलाच तर 'पिक'नंतर घ्या. 'को-नि'नंतर मुळीच थांबू नका, कारण पुढचा 'ओ' पूर्ण दमाने म्हणायचा आहे.